बोटांनी अक्षरे शिकविणाऱ्या डॉ. मारिया माँटेसरी

आपल्या ग्वाल्हेर शहरातील फूलबाग कोणाला ठाऊक नाही? मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा यांना एकाच उद्यानात जागा देणारी आणि त्यांच्याच जोडीला थिऑसॉफिकल लॉजची वास्तू सामावून घेणारी ही बाग आपल्या शहराचे भूषण आहे. येथेच झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी असल्यामुळे येणारा प्रत्येक जण क्षणभर नतमस्तक होतो. परंतु त्या लॉजवरून जाताना एक गोष्ट फारच थोड्यांच्या मनात येत असेल. ज्या थिऑसॉफिकल सोसायटीचे ते लॉज, तिच्याच निमंत्रणावरून १९३९ साली एक इटालियन विदुषी हिंदुस्थानात आल्या होत्या, आणि पुढे १९४८ साली त्यांचे पाय आपल्या ग्वाल्हेरलाही लागले होते.

त्यांचे नाव डॉ. मारिया माँटेसरी. लहान मुलांच्या शाळांवर ‘माँटेसरी’ अशी पाटी आपण नेहमी पाहतो. पण ते एका बाईंचे आडनाव आहे, हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही. बालशिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य फार विस्तृत आहे. त्या सर्वांचा परामर्श येथे घेता येणार नाही. ज्या मुलांना वाचायला शिकविणे अशक्य आहे असे साऱ्या जगाने ठरविले होते, त्यांना अक्षरांपर्यंत नेणारी वाट या बाईंनी कशी शोधली, एवढाच त्यांच्या चरित्राचा धागा या लेखात धरावयाचा आहे. आपल्या वर्गातही असा एखादा विद्यार्थी असतो, की ज्याला तोंडी गणिते चटकन सुटतात, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगता येते, पण पुस्तक हाती येताच त्याची जीभ अडखळते. आपण त्याला आळशी म्हणतो, ढ म्हणतो. हे चरित्र त्या मुलासाठी आहे, आणि त्याला नावे ठेवणाऱ्यांसाठीही आहे.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाल्ले या गावी झाला. वडील आलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्डे सुशिक्षित व वाचनाची आवड असणारी होती. १८७५ साली हे कुटुंब रोममध्ये स्थायिक झाले. मुलीने शिकून फार तर शिक्षिका व्हावे, याहून अधिक अपेक्षा त्या काळी कोणी करीत नसे. मारियाला गणिताची गोडी होती. तेराव्या वर्षी तिने, जेथे बहुतेक मुलगेच शिकत, अशा तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. प्रथम तिला इंजिनिअर व्हावेसे वाटे; पुढे तिने डॉक्टर होण्याचा निश्चय केला. वडिलांना हा विचार रुचला नाही. आई मात्र ठामपणे मुलीच्या पाठीशी उभी राहिली.

१८९० साली मारिया रोम विद्यापीठात दाखल झाल्या. प्रथम निसर्गविज्ञानाचा अभ्यासक्रम पुरा करून १८९३ साली त्यांनी वैद्यकशाखेत पाऊल टाकले. सहाध्यायी पुरुष विद्यार्थ्यांची वागणूक चांगली नव्हती. पुरुषांच्या समवेत एका स्त्रीने शवविच्छेदन करणे अशिष्ट मानले जात असल्यामुळे, इतर विद्यार्थी निघून गेल्यावर त्यांना एकटीने शवागारात काम करावे लागे. शिष्यवृत्त्या मिळवीत आणि खाजगी शिकवण्या करीत त्यांनी अभ्यास रेटला, आणि १० जुलै १८९६ रोजी त्या वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांत त्यांची गणना होते.

योगायोग असा, की त्याच १८९६ सालच्या नोव्हेंबर महिन्यात इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी तेथील एका वैद्यकीय नियतकालिकात एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. हा मुलगा १४ वर्षांचा होता. तो बुद्धिमान होता, खेळात चपळ होता, गणितात त्याची गती चांगली होती. त्याची दृष्टीही निर्दोष होती. तरीही अनेक वर्षे शिकवून त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही त्याची अक्षरे मागेपुढे होत. सारे शिक्षण तोंडी असते, तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या गुरुजींचे मत होते. डॉ. मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात शब्दांधता म्हटले. डोळा अक्षर पाहतो, पण मनाला त्याची ओळख पटत नाही, असा त्या शब्दाचा आशय. या अडचणीला ‘डिस्लेक्सिया’ हे नाव जर्मनीतील नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी १८८७ सालीच सुचविले होते. मात्र ते आजारपणामुळे वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसंबंधी होते. धडधाकट, हुशार मुलालाही जन्मतःच ही अडचण असू शकते, ही गोष्ट डॉ. मॉर्गन यांच्या लेखामुळे वैद्यांच्या ध्यानात येऊ लागली.

तिकडे रोममध्ये तरुण डॉ. माँटेसरी विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात काम करू लागल्या होत्या. त्या निमित्ताने शहरातील वेड्यांच्या इस्पितळांना त्यांना भेटी द्याव्या लागत. तेथे मोठ्या माणसांबरोबर लहान मुलेही कोंडून ठेवलेली असत. ज्यांना शाळेने नाकारले, ज्यांना बोलता, लिहिता, वाचता येत नव्हते, अशी ही मुले उघड्याबोडक्या खोल्यांत दिवसच्या दिवस नुसती बसून राहात. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई एकदा तिरस्काराने सांगू लागली, की जेवण झाल्यावर ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे तुकडे गोळा करीत बसतात. चरित्रकार सांगतात, की डॉ. माँटेसरी यांनी खोलीत चौफेर नजर टाकली. त्या मुलांच्या हाताला लागेल अशी दुसरी एकही वस्तू तेथे नव्हती. ती मुले भुकेपोटी तुकडे वेचीत नव्हती. हातांना काहीतरी चाळा हवा होता. बुद्धी हातांच्या वाटेने बाहेर येऊ पाहात होती आणि तिला वाट मिळत नव्हती.

या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे त्यांचे मत बनले. मग त्यांनी जुने ग्रंथ धुंडाळण्यास आरंभ केला. फ्रान्समध्ये झाँ इतार या डॉक्टरांनी अरण्यात सापडलेल्या, माणसाची भाषा न जाणणाऱ्या एका मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला होता. त्यांचे शिष्य एदुआर सेगँ यांनी तेच काम पुढे नेऊन, डोळा, कान आणि स्पर्श यांना क्रमाक्रमाने वळण लावणारी साधने तयार केली होती. या दोघांचे लेखन युरोपात जवळजवळ विस्मृतीत गेले होते. डॉ. माँटेसरी यांनी ते मिळविले, आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ नीट उमगावा म्हणून ते सारे स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक विद्यालय सुरू झाले. त्याला जोडूनच मुलांचा वर्ग होता. डॉ. जुझेप्पे माँटेसानो यांच्यासह त्याचे संचालन डॉ. माँटेसरी यांच्याकडे आले. सकाळी ८ पासून संध्याकाळी ७ पर्यंत त्या स्वतः मुलांत वावरत, आणि रात्री दिवसभरातील निरीक्षणांची टिपणे लिहीत. तेथे ११ वर्षांची एक मुलगी होती. तिला शिवण शिकविण्याचे सारे प्रयत्न फसले. सुई वरखाली कशी घालायची, हेच तिला जमेना. तेव्हा बाईंनी तिला शिवण सोडून कागदाच्या पट्ट्यांची चटई विणण्यास दिली. पट्टी एकदा वरून, एकदा खालून घालण्याचा सराव तिच्या हाताला झाला. मग पुन्हा सुई दिली, तेव्हा ती सहज शिवू लागली. या लहानशा प्रसंगातून बाईंना एक मोठे सूत्र सापडले. एखादी कृती येत नसेल, तर तीच कृती पुनःपुन्हा करून घेण्यात अर्थ नाही. ती कृती ज्या लहान हालचालींची बनलेली आहे, त्या अगोदर वेगळ्या शिकवाव्या.

हेच सूत्र त्यांनी अक्षरांना लावून पाहिले. त्यांनी वळणदार लिपीची लाकडी अक्षरे करून घेतली. स्वर तांबड्या रंगाचे आणि व्यंजने निळ्या रंगाची. मूल त्या अक्षरावरून, हाताने लिहावे त्याच दिशेने, प्रथम एक बोट फिरवी, मग दोन बोटे, आणि शेवटी लेखणीप्रमाणे धरलेली लहानशी काडी. अक्षर डोळ्यांनी दिसत होते, बोटांना लागत होते आणि त्याचा उच्चार कानांवर पडत होता. जे दार एकटा डोळा उघडू शकत नव्हता, ते तिघांनी मिळून उघडले. ज्यांच्याविषयी सर्वांनी आशा सोडली होती, त्यांतील कित्येक मुले लिहू-वाचू लागली, आणि सर्वसाधारण शाळेतील मुलांबरोबर सार्वजनिक परीक्षेस बसून उत्तीर्णही झाली.

रोममध्ये या यशाचा मोठा गवगवा झाला. लोक हा एक चमत्कार समजले. डॉ. माँटेसरी मात्र वेगळ्याच विचारात पडल्या. मंद ठरविलेली मुले जर परीक्षेत सुदृढ मुलांच्या बरोबरीस येतात, तर त्या सुदृढ मुलांना शाळेत असे काय मिळते आहे, की ती इतकी मागे राहावीत? दोष मुलांत शोधावा की शिकविण्याच्या रीतीत, हा तो प्रश्न होता. या प्रश्नाने त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलली. १९०१ साली त्यांनी ते विद्यालय सोडले, आणि तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व मानववंशशास्त्र यांच्या अध्ययनासाठी त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या.

प्रयोगाची संधी ६ जानेवारी १९०७ रोजी आली. रोमच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत काही जुन्या चाळींची दुरुस्ती झाली होती. आईबाप दिवसभर कामावर जात, आणि मागे राहिलेली लहान मुले भिंती व जिने खराब करीत. त्यांना सांभाळण्यासाठी घरमालक संस्थेने एक खोली दिली, आणि तिची व्यवस्था डॉ. माँटेसरी यांच्याकडे सोपविली. तीन ते सहा-सात वर्षांची सुमारे पन्नास मुले तेथे जमली. हेच ते पहिले ‘बालगृह’. इतक्या लहान मुलांना लेखन-वाचन शिकविण्याचा बाईंचा आरंभी विचार नव्हता. पण स्वतः निरक्षर असलेल्या काही माता येऊन आग्रह करू लागल्या, की आमच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवा. तेव्हा बाईंनी जुनी रीत पुन्हा हाती घेतली. लाकडी अक्षरे करून मिळेनात, म्हणून लाकूड घासण्याच्या काचपेपरातून अक्षरे कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटविण्यात आली. हा स्वस्त उपाय मूळच्या साधनाहून सरस ठरला. बोट अक्षरावरून घसरले, की खरखरीत स्पर्श जाऊन गुळगुळीत स्पर्श होई, आणि आपली चूक मुलाला स्वतःच कळे. त्याला रागावण्याची गरज उरत नसे.

शिकविण्याचा क्रमही पाहण्यासारखा आहे. अक्षराचे नाव न सांगता त्याचा ध्वनी सांगावयाचा. प्रथम बाईंनी ध्वनी उच्चारावा आणि मुलाने अक्षरावरून बोट फिरवावे. मग दोन अक्षरे पुढे ठेवून अमुक ध्वनीचे अक्षर कोणते, ते मुलाने दाखवावे. शेवटी अक्षर दाखवून त्याचा ध्वनी मुलाला विचारावा. मूल चुकले, तर त्याला तसे न बोलता धडा तेथेच थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावा. याच सुमारास, धातूच्या साच्यांच्या कडेने रेघ काढून ती आकृती रंगीत पेन्सिलीने भरण्याचा खेळ मुले खेळत. त्यामुळे लेखणी धरण्याचे वळण हाताला आपोआप लागे. सुटी कापलेली अक्षरे जुळवून शब्द तयार करण्याचा खेळही असे. लेखनाचे सारे घटक असे वेगवेगळे तयार होत होते. फक्त ते एकत्र यावयाचे राहिले होते.

ते एकत्र आले डिसेंबर महिन्यातील एका प्रसन्न दिवशी. बाई मुलांसह गच्चीवर बसल्या होत्या. जवळच्या एका मुलाला त्यांनी खडू देऊन समोरचे धुराडे काढण्यास सांगितले. त्याने फरशीवर ते बऱ्यापैकी काढले. बाईंनी त्याचे कौतुक केले. मुलगा क्षणभर थांबला, आणि एकदम आपल्याला लिहिता येते म्हणून ओरडून उठला. त्याने जमिनीवर ‘हात’ या अर्थाचा शब्द लिहिला, मग ‘धुराडे’, मग ‘छप्पर’. ते ऐकून इतर मुले धावली, खडू मागू लागली, आणि एकामागून एक लिहू लागली. ज्यांनी त्यापूर्वी एकही शब्द लिहिलेला नव्हता, ती मुले घरी जाऊन जमिनीवर, दारांवर, एवढेच काय पण पावाच्या कवचावरही लिहीत सुटली.

वाचन त्यानंतर आले. आपल्याकडे आधी वाचन व मग लेखन असा क्रम मानतात. येथे तो उलटा झाला. लिहिणाऱ्याला शब्द आधीच ठाऊक असतो, त्याला फक्त त्याचे ध्वनी सुटे करावयाचे असतात. वाचणाऱ्याला मात्र अनोळखी चिन्हे जुळवून त्यांतून शब्द ओळखावयाचा असतो, म्हणून वाचन अधिक अवघड, असे बाईंचे अनुमान होते. त्यांनी खेळण्यांची नावे चिठ्ठ्यांवर लिहिली. जो चिठ्ठी बरोबर वाचील, त्याला ते खेळणे मिळावयाचे होते. पण मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, खेळणी बाजूला ठेवली, आणि आणखी चिठ्ठ्या मागितल्या. वाचनाचा आनंद हेच त्यांचे बक्षीस ठरले.

१९०९ साली डॉ. माँटेसरी यांनी आपली पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९१२ साली तिचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि निरनिराळ्या देशांतून शिक्षक त्यांच्याकडे शिकावयास येऊ लागले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. डॉ. माँटेसरी यांनी डिस्लेक्सियावर स्वतंत्र संशोधन केले नाही. त्यांच्या पहिल्या वर्गातील मुलांच्या अडचणी नाना प्रकारच्या होत्या. कोणाची कोणती, हे आज सांगता येणार नाही. परंतु त्यांनी जी वाट पाडली, तिच्या शेजारूनच पुढील संशोधकांची वाट गेली. ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ साली जन्मजात शब्दांधतेवर ग्रंथ लिहिला. अमेरिकेत डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून अशा मुलांचा कसून अभ्यास केला, आणि त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम यांनी डोळा, कान व हात या तिघांना एकत्र राबविणारी पाठमाला तयार केली. ग्रेस फर्नाल्ड या विदुषी तर मुलांना शब्दाच्या शब्द बोटाने गिरवावयास लावीत. म्हणजे इतार-सेगँ यांच्यापासून चालत आलेला स्पर्शाचा मार्ग पुन्हापुन्हा उपयोगी पडत होता.

आजचे शास्त्र याहून पुढे गेले आहे. डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा विकार नाही, आळस नाही आणि बुद्धीची उणीवही नाही. बोललेल्या शब्दातील लहान लहान ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्याच्या मेंदूच्या कार्यात ही अडचण मुख्यत्वे असते, असे आता बहुतेक संशोधक मानतात. ती पुष्कळदा एकाच घराण्यात आढळते. ती वयाबरोबर निघून जात नाही. मात्र योग्य शिक्षणाने वाचन पुष्कळ सुधारते. ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमाने, उघड करून आणि भरपूर सरावाने शिकविणे, हा यावरील सर्वांत भरवशाचा उपाय ठरला आहे. स्पर्शाचा वाटा यात नेमका किती, याचा अभ्यास चालू आहे. २००४ साली फ्रान्समधील संशोधकांनी बालवाडीच्या मुलांवर प्रयोग केला. अक्षरे नुसती पाहून शिकणाऱ्या मुलांपेक्षा ती बोटांनी चाचपून शिकणाऱ्या मुलांची वाचनातील प्रगती अधिक झाली, असे त्यांना आढळले. सान लोरेंझोच्या काचपेपरी अक्षरांना जवळजवळ शंभर वर्षांनी मिळालेला हा दुजोराच होय.

आता त्यांच्या उत्तरायुष्याकडे वळू. १९२९ साली त्यांनी पुत्र मारिओ यांच्यासह आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघ स्थापिला. १९३१ साली लंडनमध्ये महात्मा गांधी त्यांच्या प्रशिक्षण विद्यालयात येऊन बोलले. पण इटलीतील मुसोलिनीच्या राजवटीशी त्यांचे जमेना, आणि १९३४ साली तेथील माँटेसरी शाळा बंद पडल्या. स्पेनमध्ये आश्रय घ्यावा, तर १९३६ साली तेथे यादवी युद्ध पेटले. मग त्या हॉलंडला गेल्या. १९३९ सालच्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीचे जॉर्ज अरुंडेल व रुक्मिणीदेवी यांच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. वय ६९. पहिल्याच वर्गाला देशभरातून सुमारे ३०० विद्यार्थी जमले.

काही महिन्यांचाच बेत होता. पण जून १९४० मध्ये इटली महायुद्धात उतरली, आणि इंग्रज सरकारच्या दृष्टीने ही मायलेकरे शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. मारिओ यांची रवानगी अहमदनगरच्या स्थानबद्धांच्या छावणीत झाली, आणि बाईंच्या हालचालींवर बंधने आली. त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० रोजी, व्हाइसरॉयांनी मारिओ यांना मुक्त करून जणू वाढदिवसाची भेटच दिली. पुढे कोडाईकॅनॉलच्या थंड हवेत त्यांनी मोठ्या मुलांच्या शिक्षणाचेही प्रयोग केले. १९४६ साली त्या युरोपास परतल्या, पण पुढच्याच वर्षी पुन्हा भारतात आल्या. १९४८ साली अहमदाबाद, अड्यार आणि पुणे येथे त्यांचे वर्ग झाले. त्याच वर्षी त्या ग्वाल्हेरला आल्या, आणि १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी येथे सुरू होणाऱ्या एका आदर्श शाळेच्या उभारणीवर त्यांनी देखरेख केली. ते वर्षही आपल्या शहराच्या इतिहासात संस्मरणीय आहे. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य अस्तित्वात आले आणि महाराज जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख झाले. राज्यव्यवस्था नवी घडत असतानाच लहान मुलांच्या शाळेचाही विचार येथे होत होता, ही अभिमानाची गोष्ट आहे.

त्यांच्या विचारांचे बीज मात्र आपल्या देशात त्यांच्या आगमनापूर्वीच रुजले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढले. त्यांच्या सोबतीने ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मराठी मुलुखात बालशिक्षण रुजविण्याचे श्रेय ताराबाईंकडे जाते. १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या, आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने त्यांनी बालवाडी चालविली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केले. महागड्या परदेशी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, माती अशा गावात फुकट मिळणाऱ्या वस्तू त्यांनी वापरल्या. मुले शाळेत येत नसतील, तर शाळाच त्यांच्या अंगणात आणि कुरणात न्यावी, हा त्यांचा बाणा होता.

खरे पाहता बोटाने अक्षर शिकण्याची रीत आपल्याला परकी नाही. आपले पूर्वज धूळपाटीवर बोटानेच अक्षरे गिरवीत. आरंभीच्या शिक्षणाला आपण आजही धुळाक्षरे म्हणतो. देवनागरी लिपी ध्वनीशी प्रामाणिक आहे, पण नवशिक्याला तिच्यातही खाचखळगे आहेत. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यात एखाद्या रेघेचाच भेद. ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहावयाची, पण उच्चारावयाची नंतर. एकटा र पाहा: सूर्य, चक्र, राष्ट्र आणि दऱ्या या चार शब्दांत तो चार वेषांत येतो. आपल्याकडे तर मूल घरी मराठी, बाहेर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांत वावरते. बहुतेक मुले हे सारे हळूहळू पार करतात. लहानपणी अक्षर उलटे काढणे, ही काही रोगाची खूण नव्हे. परंतु पुरेसे शिकवूनही एखादे मूल वर्षानुवर्षे अडखळत राहिले, तर त्याला छडीची नव्हे, तपासणीची आणि वेगळ्या रीतीने शिकविण्याची गरज असते.

या बाबतीत आपला समाज हळूहळू जागा होत आहे. मुंबईत १९९६ साली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली, आणि परीक्षेत अधिक वेळ किंवा लेखनिक मिळण्याची सोयही झाली. तथापि, कायदा घरातील आणि वर्गातील दृष्टी बदलू शकत नाही. अनेक प्रौढ माणसे आजही चश्मा घरी राहिल्याची सबब सांगून अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतात. त्यांतील कित्येकांना लहानपणी कोणी तरी मठ्ठ ठरविले होते, आणि ते त्यांना खरे वाटले होते. वाचन न येण्याचे दुःख मोठे आहेच; पण स्वतःविषयीचा असा खोटा समज आयुष्यभर उराशी बाळगणे, हे त्याहून मोठे दुःख आहे.

१९४९ साली डॉ. माँटेसरी यांनी भारताचा निरोप घेतला. याच देशात दिलेल्या व्याख्यानांतून सिद्ध झालेला त्यांचा एक प्रसिद्ध ग्रंथ त्याच वर्षी अड्यार येथे प्रकाशित झाला. १९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले गेले. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डव्हाइक या समुद्रकाठच्या गावी, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थी मित्रहो, थोरांची चरित्रे वाचून आपण त्यांच्या धैर्याचे आणि उद्योगाचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण डॉ. माँटेसरी यांचा सर्वांत मोठा गुण याहून साधा होता, आणि तो आपल्यापैकी प्रत्येकाला अंगी बाणवता येण्यासारखा आहे. जेथे इतरांना मुलाचा दोष दिसला, तेथे त्यांनी थांबून नीट पाहिले. पावाच्या तुकड्यांशी खेळणाऱ्या हातांत त्यांना बुद्धी दिसली, कारण त्यांनी निकाल देण्याची घाई केली नाही. आपल्या शेजारच्या बाकावरील सोबती वाचताना अडला, तर हसू नका. त्याला वेळ द्या, शब्द फोडून सांगा, धडा मोठ्याने वाचून दाखवा. पालकांनीही मुलाची कोरी वही पाहून रागावण्यापूर्वी, त्याला नेमके कोठे अडते आहे, हे त्याच्याजवळ बसून पाहावे. अक्षरांच्या घराला अनेक दारे आहेत. एक बंद आढळले, तर दुसरे उघडून देणे हे भोवतालच्या शहाण्या माणसांचे काम आहे.